मेथीची जुडी, ओव्याचे तेल आणि गटाराचे पाणी



कापसाच्या भावाचे उत्तर कुणी देत नाही. मेथीची जुडी कशी धुवावी याचे व्याख्यान द्यायला मात्र शहरातून माणसे येऊ लागली आहेत. तालुक्याच्या मेळाव्यांतून आम्ही हे व्याख्यान दोन-तीनदा ऐकले. सांगणारा शिकलेला असतो. पडद्यावर चित्रे दाखवतो. चित्रात गोलमटोल जंतू असतात. तुमच्या कोथिंबिरीवर, मेथीवर, पालकावर हे बसलेले असतात आणि त्याने शहरातली लेकरे आजारी पडतात, असे तो सांगतो. मग उपाय येतो. ओवा, तुळस, गवती चहा, लवंग, दालचिनी यांची तेले. चार थेंब पाण्यात टाका, भाजी बुडवा, जंतू खलास. टाळ्या होतात, चहा होतो, पाहुणे गाडीत बसतात.

कुणी म्हणेल, आपण पऱ्हाटी आणि ज्वारीवाले, आपल्याला या भाजीपुराणाशी काय करायचे? ज्वारीचा हुरडा तर आगटीत भाजूनच खातात, तिथे जंतूची काय बिशाद. पण ज्याच्या हिरीला दिवाळीपर्यंत पाणी टिकते असा प्रत्येक कोरडवाहू शेतकरी चार गुंठे माळवे करतोच. आठवडी बाजारात ते विकून मीठ-मिरचीचा, पोराच्या वह्यांचा खर्च घरची बाई भागवते. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि येण्याआधीच वाटला गेलेला असतो. माळव्याचा पैसा तिच्या हातात पडतो. तेव्हा त्या जुडीवर उद्या कुणी नवी अट लादणार असेल, तर ती अट आपल्या घरातल्या बाईवर लादली जाणार आहे. म्हणून हा विषय आम्ही या पत्रकात घेतला.

आधी एक गोष्ट कबूल करू. तेलाने जंतू मरतात ही थाप नाही. आपल्या घरात अमृतधारेची बाटली असते, तिच्यात कापूर, पेपरमिंट आणि ओव्याचे फूल असते. या ओव्याच्या फुलाला शास्त्रात थायमॉल म्हणतात. क्विंटलभर ओवा ऊर्ध्वपातनाच्या भट्टीत घातला तर साधारण दोन ते चार किलो तेल निघते, आणि त्या तेलात ३५ ते ६० टक्के थायमॉल असते. लवंगेत आणि काही जातींच्या तुळशीत युजेनॉल असते, गवती चहात सिट्रल. ही द्रव्ये जंतूच्या अंगावरच्या पातळ पापुद्र्यात घुसतात, तो गळका करतात, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि जंतू मरतो. ई. कोलाय, साल्मोनेला, लिस्टेरिया या तिन्ही नावांच्या जंतूंवर जगभरच्या प्रयोगशाळांत हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. तेव्हा शास्त्राशी आमचे भांडण नाही. संघटनेने विज्ञानाला कधी पाठ दाखवली नाही आणि दाखवणारही नाही.

आमचे भांडण आहे ते या शास्त्राचा अर्धा भाग सांगून उरलेला अर्धा खिशात ठेवणाऱ्यांशी.

खिशात ठेवलेला भाग असा. प्रयोगशाळेत जंतू काचेच्या नळीत, स्वच्छ पाण्यात असतात. तिथे थोडे तेल पुरते. पानावर माती असते, चिकटा असतो, खाचाखोचा असतात. तेल त्यातच अडकते आणि जंतूपर्यंत कमी पोचते, म्हणून मात्रा वाढवावी लागते. मात्रा वाढवली की पान करपते. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, त्याला काहीतरी फेसाळ जोड द्यावी लागते. आमच्यातल्या काही जणांनी हे करून पाहिले. ओव्याचे तेल विकत आणले, रिठ्याच्या पाण्यात घोटले आणि कोथिंबिरीच्या जुड्या त्यात बुडवल्या. पहिल्या खेपेला कडा काळ्या पडल्या. दुसऱ्या खेपेला तेल कमी केले. पाने वाचली, पण बाजारात गिऱ्हाईक जुडी नाकाला लावून म्हणाले, “मावशी, कोथिंबिरीला ओव्याचा वास कसा काय येतो?” जुड्या परत आल्या. घरी शेळीने खाल्ल्या, तिनेही जरा विचार करून.

आणि खोडाच्या कापल्या तोंडातून जे जंतू आत शिरलेले असतात त्यांना कुठलेच धुणे काढत नाही. मोठमोठ्या देशांतल्या कारखान्यांत भाजी क्लोरीनच्या पाण्यात धुतात. त्यानेही जंतू साधारण दहापट ते शंभरपट कमी होतात. लाख असतील तर दहा हजार किंवा हजार उरतात. ई. कोलायच्या काही जहाल जाती अशा आहेत, की शंभरापेक्षा कमी जंतूही माणसाला खाटेवर पाडायला पुरतात. तिथले जाणकार उघड सांगतात, की धुण्याच्या पाण्यातले औषध मुख्यतः एका जुडीची घाण दुसऱ्या जुडीला लागू नये यासाठी असते. भाजीवर घाण येऊच नये, हा खरा बंदोबस्त. आपल्याकडच्या पडद्यावर ही ओळ दिसली नाही.

मग घाण येते कुठून? हा प्रश्न मेळाव्यात एका म्हाताऱ्याने विचारला, तर त्याला “काका, शेवटी प्रश्नोत्तरे आहेत” म्हणून बसवले, आणि शेवटी चहा आला.

घाण येते पाण्यातून. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाचे नाव घ्या, आम्ही मुद्दाम एकाचेच घेत नाही. मार्च उलटला की नदी कोरडी, नाला कोरडा, हिरी तळाला. त्या दिवसांत जिल्ह्यात वाहते पाणी एकच उरते, शहराच्या गटाराचे. गावाखालचा शेतकरी त्याला बांध घालतो, इंजिन लावतो आणि त्यावर पालक-मेथी काढतो. त्याला काय हौस आहे? त्याच्या वाट्याचे स्वच्छ पाणी वरच्या धरणातून शहराच्या नळाला गेले. शहराने ते वापरले, घाण केले आणि उतारावर सोडून दिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली दिलेला हिशेब पाहा. देशातल्या शहरांचे सांडपाणी रोज ७२ हजार ३६८ दशलक्ष लिटर. प्रत्यक्ष शुद्ध होते २० हजार २३६ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभर बादल्यांतल्या बहात्तर बादल्या तशाच नदी-नाल्यात. ज्यांनी बहात्तर बादल्या ओतल्या ते आपल्याला येऊन सांगतात, की चार थेंब तेल टाका!

नाल्याचे पाणी टाळले तरी बाजार आहेच. रखरखत्या उन्हात जुडी सुकू नये म्हणून हातगाडीवाला दिवसभर पाणी शिंपडतो. ते कुठल्या बादलीतले, बादली कुठे भरली, तो गोणपाटाचा तुकडा शेवटचा कधी धुतला, हे कुणी पाहिले आहे? आठवडी बाजाराच्या जागेची पट्टी दर खेपेला घेतली जाते. पावती देणारा माणूस चुकत नाही. पण त्या जागी पिण्याच्या पाण्याचा नळ आणि बायांसाठी संडास किती ठिकाणी आहेत? सकाळी सहाला पाटी घेऊन निघालेली बाई संध्याकाळपर्यंत हात कुठे धुणार? भाजीवरचे जंतू मोजायचे असतील तर पहिली मोजणी तिथे करा.

आपलेही चुकते, तेही लपवायचे नाही. ओले शेण किंवा शेणकाला थेट उभ्या कोथिंबिरीवर टाकणे बंद केले पाहिजे. शेणखत उकिरड्यात नीट कुजले, आतून तापले, की त्यातले बहुतेक जंतू त्या उष्णतेनेच मरतात. कच्चे टाकले की जसेच्या तसे पानावर येतात. जुडी बांधताना मुळे नाल्याच्या डबक्यात खळबळून काढायची सवयही सोडावी. हिरीचे, बोअरचे पाणी हंडाभर असले तरी शेवटचे धुणे त्याचे करावे. याला कुठलेच तेल लागत नाही, खर्चही नाही.

आता दोष कुणावर येतो ते पाहा. २०११ सालच्या मे महिन्यात जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली. सुमारे ३,८०० माणसे आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले, की स्पेनच्या काकड्यांतून हे आले. एका दिवसात स्पेनच्या शेतकऱ्याची काकडी युरोपात कुणी हातात धरीना. ट्रकचे ट्रक उकिरड्यावर गेले. थोड्याच दिवसांत कळले, की काकडीत तो जंतूच नव्हता. जूनमध्ये माग लागला तो उत्तर जर्मनीतल्या मोड आलेली धान्ये विकणाऱ्या एका सेंद्रिय मळ्याशी, आणि संशय गेला तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर. चोर सोडून संन्याशाला सुळी! तरी तो युरोप होता. तिथे शेतकऱ्यांनी आरडाओरड केली आणि युरोपीय संघाने भाजीवाल्यांना २१ कोटी युरोंची भरपाई मंजूर केली. अशी आफत उद्या गेवराईच्या किंवा आष्टीच्या भाजीवर आली तर भरपाई कोण देणार? पंचनामा करायला तलाठी येईल काय?

दुसरे उदाहरण आपल्या कोरडवाहू रानातलेच, तिळाचे. भारतातल्या तिळात साल्मोनेला सापडतो म्हणून युरोपच्या बंदरांवर त्याची तपासणी आधीपासून होतीच. तपासणीत माल अडकू नये म्हणून काही व्यापाऱ्यांनी तिळाला इथिलीन ऑक्साइड नावाच्या वायूची धुरी दिली. जंतू मेले. पण हा वायू युरोपात १९९१ पासून बंद आहे, कर्करोगाचे कारण म्हणून. २०२० च्या सप्टेंबरात बेल्जियमने ओरड केली आणि भारतातून आलेल्या तिळाच्या निम्म्या खेपा बंदरावर तपासायचा नियम झाला. २०२४ च्या एप्रिलमध्ये तोच वायू सापडला म्हणून सिंगापूर आणि हाँगकाँगने भारतातले काही तयार मसाले अडवले. गंमत अशी, की अमेरिकेत मसाल्याला हीच धुरी ठरावीक मर्यादेत चालते. एक गिऱ्हाईक म्हणते जंतू नको, दुसरे म्हणते औषध नको. धुरी व्यापाऱ्याने दिली, नियम सरकारांनी केले, आणि भाव पडला तो शेतकऱ्याचा. तिळाला धुरी द्या असे कुण्या शेतकऱ्याने सांगितले होते?

याच ठिकाणी ओव्यासारख्या तेलांचे खरे काम निघू शकेल, असे आम्हाला वाटते. विषारी वायूच्या जागी ज्याचा अंश पोटात गेला तरी चालतो असे काही हवे आहे, आणि ओवा तर आपण जेवल्यावर मुद्दाम चघळतो. युरोपात बटाट्याला कोंब येऊ नयेत म्हणून वापरले जाणारे एक रसायन २०२० मध्ये बंद झाले, तेव्हापासून तिथल्या वखारींत पुदिन्याच्या जातीचे तेल आणि संत्र्याचे तेल वापरात आले आहे. म्हणजे काम होते; पण ते वखारीत, यंत्राने, मोजून. ज्याच्याकडे वखार आहे त्याच्या कामाचे हे शास्त्र आहे. पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईला ते शिकवणे म्हणजे रोग म्हशीला आणि डाग पखालीला.

आता यातल्या सगळ्यात मोठ्या आमिषाबद्दल. जंतूचे व्याख्यान संपले की दुसरा माणूस उठतो. तो म्हणतो, जगाला आता नैसर्गिक तेले हवी आहेत, कापूस सोडा, गवती चहा लावा, दुष्काळातही जगतो, जनावर खात नाही, एकदा लावले की काही वर्षे कापणी. यातले बहुतेक खरे आहे. लखनौच्या सीमॅप संस्थेने २०१७ च्या सुमारास सुरू झालेल्या अरोमा मिशनमध्ये मराठवाडा, विदर्भ, बुंदेलखंड असे कोरडे मुलूख धरले आहेत, आणि गवती चहाच्या जाती चांगल्या आहेत. पण हिशेब मांडा. शंभर किलो ओल्या पाल्यातून तेल निघते पाव ते अर्धा किलो. पाला कापला की फार दिवस ठेवता येत नाही, म्हणजे भट्टी जवळ हवी. भट्टीला जळण हवे. वाफ थंड करायला सतत गार पाणी हवे. ज्या गावात एप्रिलमध्ये टँकर येतो तिथे वाफ कशाने थंड करणार? ज्याला हे सगळे जमते त्याने जरूर करावे. पण सही करण्याआधी विचारावे : तेल घेणार कोण, लेखी घेणार काय, आणि दर कोण ठरवणार?

कारण सफेद मुसळी आपण पाहिली आहे. कोरफड पाहिली, जट्रोफा पाहिला, इमू पाहिला. प्रत्येक वेळी रोपे विकणारा, पिले विकणारा श्रीमंत झाला आणि माल तयार झाला तेव्हा घेणारा सापडेना.

तेलांचा इतिहासही हेच सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या आधी ओवा हिंदुस्थानात पिकायचा, निजामाच्या मुलखातही पिकायचा आणि बीड तेव्हा त्याच मुलखात होते. तो बोटीत भरून जर्मनीला जायचा. तिथे त्याचे थायमॉल निघायचे आणि जगभर विकले जायचे. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ ते १९१४ या काळात रॉकफेलरच्या पैशाने आकड्याच्या जंतांविरुद्ध जी मोहीम झाली तिचे मुख्य औषध थायमॉलच होते. १९१४ साली युद्ध पेटले, जर्मनीचा रस्ता बंद झाला, तेव्हा कुठे इथे भट्ट्या लागल्या. पुढे थायमॉल रसायनापासून कारखान्यात स्वस्तात बनू लागले आणि ओव्याची ती मातब्बरी गेली. सिट्रलचेही आज तसेच आहे, कारखान्यांत ते हजारो टनांनी बनते. खानदेशात पिंपळनेर-नंदुरबारच्या बाजूला रोशा गवताचे तेल निघे. आपल्या बालाघाटात त्याला तिखाडी म्हणतात. ते तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई. गवत कापणाऱ्याला यातले काय मिळाले असेल ते वेगळे सांगायला नको.

काही देशभक्त मंडळी लगेच म्हणतील, हे ज्ञान आपल्या पूर्वजांचे, पेटंट वाचवा. हळदीचे अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, कडुनिंबाचे युरोपातले २००० मध्ये रद्द होऊन २००५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. चांगले झाले. पेढे वाटले गेले. पण त्याने हळदीच्या शेतकऱ्याला मोंढ्यात भाव वाढवून मिळाला काय? ज्ञान आपले, कच्चा माल आपला, आणि पक्का माल करण्याचा धंदा दुसऱ्याचा, ही वाटणी पेटंट जिंकून बदलत नाही.

कायद्याचे एक सांगून ठेवतो, कारण यात आपल्याला घाबरवले जाईल. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा आहे. त्याच्या कलम १८ च्या पोटकलम ३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की हा कायदा शेतकऱ्याला, शेतीच्या कामांना आणि शेतावरच्या पिकाला लागू नाही. तेव्हा बाजारात जुडी विकणाऱ्या बाईला कुणी “परवाना दाखवा” म्हणाला तर त्याला हे कलम दाखवा. मात्र भाजी औषधाच्या पाण्यात धुऊन, पिशवीत भरून, वर नाव छापून विकायला लागलात, की प्रश्न बदलतो. मग नोंदणी, परवाना, लेबल, तपासनीस. म्हणजे माल होता तसा विकला तर शेतकरी, आणि त्याच्यात चार पैशांची भर घातली की इन्स्पेक्टरचे गिऱ्हाईक. माजघरात प्रक्रिया करून बघणाऱ्या आमच्या मायबहिणींना हा उंबरठा ओलांडावा लागू नये, अशी आमची मागणी आहे.

विद्यापीठाकडेही आमचे मागणे आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ओवा, तिखाडी आणि गवती चहा यांची तेले आपल्या पाण्यात, आपल्या उन्हात, आपल्या मेथीवर आणि तिळावर घालून पाहावीत. किती मात्रेला जंतू मरतो, किती मात्रेला पान करपते, जुडीमागे किती पैसे पडतात, हे तीन आकडे मराठीत छापावेत. नापास झाले तर नापास झाले असे छापावे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, अंबाजोगाईला त्याचे संशोधन केंद्र आहे. तरी पिकलेले सीताफळ दोन-चार दिवसांत काळे पडते आणि धारूरच्या डोंगरातून पाटी आणणारी बाई संध्याकाळी मिळेल त्या भावाला ती मोकळी करते. मानांकनाचा कागद तिच्या फळाला थंडावा देत नाही. तिला गारव्याची सोय हवी, गर काढायचे यंत्र हवे आणि वाटेत रस्ता हवा.

पाण्याचे काम आपल्यालाच हाती घ्यावे लागेल. ज्या गावांखालून शहराचे गटार वाहते, त्या गावच्या कार्यकर्त्यांनी जिल्हा बैठकीला येताना त्या पाण्याची एक बाटली भरून आणावी. बाटलीवर गावाचे नाव, नाल्याचे नाव आणि भरल्याची तारीख लिहावी, बूच घट्ट लावावे. बैठक संपल्यावर सगळ्या बाटल्या घेऊन आपण जिल्हाधिकारी कचेरीवर जाऊ आणि साहेबांच्या टेबलावर ओळीने मांडू. सोबत एक छोटी बाटली ओव्याच्या तेलाची ठेवू, आणि त्यातले चार थेंब कुठल्या बाटलीत टाकायचे ते साहेबांना विचारू.